न दिलेले यंत्र

मंडळी, कुणी सांगितलेले नसताना, दमडीही न घेता, दुसऱ्याच्या यंत्रातली खोट जगाला दाखवायची, हे पुण्य की आगळीक? आपल्या राज्यात हा प्रश्न 2010 साली थेट पोलिसांत गेला.

हैदराबादचे अभियंता हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि त्यांचे सहकारी यांना एक मतदान यंत्र मिळाले. ते देणाऱ्याने नाव गुप्त ठेवायला सांगितले होते. यंत्र हाती आले तर निकाल फिरवता येतो, हे त्यांनी त्या एप्रिलमध्ये दाखवले. निवडणूक आयोगाचे म्हणणे असे, की आमची मोहोर आणि पहारा असताना यंत्र कुणाच्या हाती लागेलच कसे? पुढे, हे यंत्र मुंबईच्या सरकारी ताब्यातून चोरीला गेलेले, असा गुन्हा दाखल झाला. 21 ऑगस्टला हरी प्रसादांना हैदराबादहून अटक करून मुंबईला आणले. देणाऱ्याचे नाव त्यांनी सांगितले नाही. आठवडाभराने जामीन झाला.

आता बघा, तुमच्या फर्दापूरपासून हाकेच्या अंतरावर अजिंठ्याची लेणी. तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या शीलांत दुसरे शील काय? न दिलेले घेऊ नये. आणि चौथे? खोटे बोलू नये. इथे ही दोन शीले एकमेकांसमोर उभी राहतात. खोट ठाऊक असून गप्प बसणे हेही असत्याच्या जवळ जातेच ना!

पैसे घेतले नाहीत, एवढ्याने कृत्य शुद्ध होत नाही. कीर्तीचा लोभही लोभच. म्हणून हेतूबरोबर रीतही पाहावी लागते: नुकसान केले का? मालकाला सांगितले का? आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही परवानगीविना संगणकात शिरण्यावर भरपाई लावतो. पण कलम 66 खाली शिक्षा व्हायला अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो.

8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी पावती ही निर्दोष निवडणुकीची अनिवार्य गरज ठरवली. ते या संशोधकांमुळेच घडले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. वाद अनेकांनी तापता ठेवला होता.

माझे मत विचाराल तर, तपासणीची वाट उघडी असताना न दिलेले घेणारा दोषी. पण मालकाने ती वाटच बंद ठेवली असेल, तर त्या दोषात मालकाचाही वाटा आहे.