ठेवीदार की भागीदार? बिनव्याजी खात्यांचा इतिहास काय सांगतो

इस्लामी बँकेचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, व्याज नाही म्हणजे शोषण नाही. दुसरा म्हणतो, नाव बदलले, व्याज तेच. दोघेही खरा प्रश्न टाळतात : तोटा झाला तर तो कोणाच्या माथी बसतो?

नेहमीच्या बँकेत ठेव म्हणजे बँकेने ठेवीदाराकडून घेतलेले कर्ज. दर आधी ठरतो आणि बँकेला धंद्यात खोट आली तरी मुद्दल व व्याज देणे तिच्यावर बंधनकारक असते. इस्लाममध्ये रिबा, म्हणजे व्याज, निषिद्ध असल्याने इस्लामी बँकेला असा करार करता येत नाही. तिथे मुख्यतः दोन प्रकारची खाती असतात. पहिले वदिया, म्हणजे अमानत : मुद्दल परत मिळते, पण परताव्याचे वचन नसते, बँकेने स्वेच्छेने काही दिले तर ती भेट. दुसरे मुदारबा : भांडवल ठेवीदाराचे, कसब बँकेचे. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. तोटा मात्र, बँकेची कसूर नसेल तर, सगळा ठेवीदाराचा. बँकेची मेहनत वाया जाते, एवढेच.

हा प्रयोग सुरू झाला तो गरिबांसाठीच. १९६३ साली इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यातील मित घम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी बचत बँक उघडली. जर्मनीत शिकताना पाहिलेल्या स्थानिक बचत बँका त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. बचत खात्यावर व्याज नव्हते, पण खातेदाराला लहानसे बिनव्याजी कर्ज मिळू शके. गुंतवणूक खात्याला नफ्यात वाटा होता. बँकेकडे कधी न फिरकलेले शेतकरी आणि कारागीर तिथे आले. नासर यांच्या राजवटीत धर्माचा बोलबाला न करताच हे काम चालले, तरीही १९६७ मध्ये तो प्रयोग सरकारी बँकांच्या ताब्यात जाऊन संपला.

पुढे, १९७५ च्या दुबई इस्लामिक बँकेपासून, तेलाचा पैसा आला आणि बँका मोठ्या झाल्या. खातेदार मात्र होता तिथेच राहिला. २००१ मध्ये तुर्कस्तानात इहलास फायनान्सचा परवाना रद्द झाला. देशातील इतर बँकांच्या ठेवींना सरकारी हमी होती. इहलासच्या खातेदारांना नव्हती, कारण कागदोपत्री ते नफा-तोट्याचे वाटेकरी होते. वाटेकरी म्हणायचे, पण कारभारात मत नाही, संचालक निवडण्याचा अधिकार नाही. भागधारकाला निदान सभेत हात वर करता येतो. जोखीम भागीदाराची आणि अधिकार शून्य, याला भागीदारी म्हणायचे कसे?

या धक्क्यानंतर तुर्कस्तानने अशा खात्यांनाही हमीच्या कक्षेत आणले. ब्रिटनमध्ये २००४ साली इस्लामिक बँक ऑफ ब्रिटनला परवाना देताना नियामकाचे म्हणणे होते की ठेव म्हटली तर मुद्दल सुरक्षित हवे. तोड निघाली ती अशी : तोटा झाल्यास बँकेने भरपाई देऊ करायची, श्रद्धेपोटी ती नाकारायची की नाही हे खातेदाराने ठरवायचे. मलेशियाच्या २०१३ च्या कायद्याने तर सरळ फारकत केली. ठेव वेगळी, तिला विमा; गुंतवणूक खाते वेगळे, त्याला विमा नाही, आणि हे ग्राहकाला आधी सांगायचे.

यावरून 'बघा, व्याजाचीच बँक सुरक्षित' असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तोही खोटा. आपल्याकडे १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा तिच्या ठेवीदारांना व्याजाच्या कराराने वाचवले नाही. त्यानंतर कायदा झाला आणि १९६२ पासून ठेव विमा आला, सुरुवातीला अवघ्या १,५०० रुपयांचा. आज ती मर्यादा ५ लाख आहे. हमी व्याजातून येत नाही, धर्मातूनही येत नाही. ती कायद्यातून येते, आणि तीही बहुधा लोकांचे पैसे बुडाल्यानंतर.

राजन समितीने २००८ मध्ये भारतात बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय बाजूला ठेवला. तो पुन्हा निघेल तेव्हा हलाल-हरामच्या वादात आणि मुस्लिमद्वेषाच्या गदारोळात गरीब खातेदार हरवू नये. त्याची मागणी साधी असली पाहिजे : मला ठेवीदार म्हणत असाल तर हमी द्या, भागीदार म्हणत असाल तर मताचा अधिकार द्या.