आवाज हवा, माणूस नको: प्रल्हाद शिंदे यांच्या 'सुपरहिट' गाण्यांमागचा इतिहास



शेगावला मंदिराच्या वाटेवर फोटो-माळांच्या दुकानांतून विठ्ठलाची गाणी ऐकू येतात. त्यातला एक खडा, पहाडी आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तोच आवाज 14 एप्रिलला खामगाव, मेहकर, चिखली, मलकापूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये बाबासाहेबांची गाणी गात असतो. हा आवाज प्रल्हाद शिंदे यांचा.

आता बाजारात त्यांच्या नावाने निघालेले 'सुपरहिट', 'निवडक', 'सर्वोत्कृष्ट' असे संच पाहा. एका संचात विठोबा आणि पंढरी, दुसऱ्या संचात भीमगीते. दोन्ही एकत्र असलेला संच शोधावा लागतो. एका संचाचे गिऱ्हाईक गावात राहते, दुसऱ्याचे गावकुसाबाहेर. गावाची जी वाटणी जातीने केली, तीच कॅसेटच्या कव्हरवर उतरली आणि तिथून आजच्या मोबाइलमध्ये आली.

आमचे म्हणणे सरळ आहे. 'सर्वोत्कृष्ट गाणी' ही यादी निरागस नसते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे जो ठरवतो, तो इतिहास लिहीत असतो. आपल्या गाण्यांच्या याद्या आजवर बाजाराने केल्या. त्या आता आपण केल्या पाहिजेत.

यादी आधी कोण करत होते?

आपल्या गाण्याचा जन्म कंपनीच्या स्टुडिओत झालेला नाही. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचाच घाट, पण गण-गवळणीच्या जागी भटशाहीची चिकित्सा. पुढे 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ज्या समाजाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्या समाजाचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा होता.

त्याच मातीतून वामनदादा कर्डक आले. 1922 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मुंबईत मोलमजुरी, मोठेपणी अक्षरओळख, आणि 1943 पासून अखेरपर्यंत गाणे. त्यांचे कोणते गाणे 'हिट' हे कोणत्याही कंपनीने ठरवले नाही. जे गाणे लोकांनी पुन्हा म्हणायला लावले, जे दुसऱ्या दिवशी निंदणीला गेलेल्या बायांच्या तोंडी आले, ते टिकले. ही पहिली निवड होती आणि ती लोकांनी केली होती.

मग यंत्र आले. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. जलशात अर्धा तास चालणारे गाणे त्यात बसणार कसे? शिवाय तबकडी आणि ग्रामोफोन दोन्ही महाग. 1980 च्या दशकात कॅसेट आली आणि चित्र पालटले. टी-सिरीज 1983 मध्ये सुरू झाली, पाठोपाठ लहान-मोठ्या कंपन्या आल्या, आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. कॅसेट स्वस्त होती, भरायला सोपी होती, टेपरेकॉर्डर मजुराच्या घरातही येऊ लागला.

कॅसेटने आपल्याला खूप दिले, हे मान्य केलेच पाहिजे. नामांतराच्या लढ्याची ती वर्षे होती. शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर या स्टेशनांवरून नागपूरच्या गाडीत बसलेली माणसे दीक्षाभूमीवरून येताना पुस्तके आणत, तशाच कॅसेटही आणत. ज्या खेड्यात एकही जलसा कधी पोहोचला नव्हता, तिथे बाबासाहेब गाण्यातून पोहोचले. पण निवडीचा अधिकार मात्र लोकांच्या हातून कंपनीच्या हातात गेला.

एक गळा, दोन गिऱ्हाइके

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म 1933 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातला. कव्वालीच्या फडात तयार झालेला हा गळा. त्यांनी भीमगीते गायली, विठ्ठलाची गाणी गायली, कव्वाल्या गायल्या, लोकगीते गायली. आणि सत्यनारायणाची कथाही गायली.

इथे थांबून विचार करा. सत्यनारायणाची पूजा घालणाऱ्या घरात, चौरंगाशेजारी, ज्याचा आवाज वर्षानुवर्षे वाजला तो गायक महाराच्या घरात जन्मला होता. तो आवाज सोवळ्यात चालला. त्या आवाजाच्या जातीच्या माणसाला त्याच घराच्या ओसरीवर कप वेगळा होता. टेपरेकॉर्डरला विटाळ होत नव्हता, माणसाला होत होता.

आपल्यातले काही कार्यकर्ते विचारतील, 14 ऑक्टोबर 1956 ला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातल्या गायकाने ही गाणी गावीच का? प्रश्न चुकीचा नाही. प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा, त्यात सवलत नाही. पण हा प्रश्न एकट्या गायकाला विचारून आपण मोकळे होऊ शकत नाही. भीमगीताच्या कार्यक्रमाला हंगाम असतो, एप्रिल आणि ऑक्टोबर. बाकीचे महिने कलावंताची चूल कशावर पेटते? बाजार मात्र आषाढी, कार्तिकी, श्रावण असा वर्षभर देवाची गाणी मागतो आणि पैसे रोख मोजतो. ज्या समाजाने आपल्या कलावंतासाठी कायमचा आधार उभा केला नाही, त्याने निष्ठेचा हिशेब मागताना आपलीही वही उघडावी.

म्हणून प्रल्हाद शिंदे यांची ती गाणी लपवायची गरज नाही आणि त्यांचे समर्थनही करायची गरज नाही. ती इतिहास म्हणून नोंदवायची. त्यातून कलावंताची लबाडी दिसत नाही, या देशातला जातीचा बाजार दिसतो.

खामगावचा कापूस, मिसिसिपीचा कापूस

हा बाजार फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. याची दुसरी बाजू अमेरिकेत सापडते, आणि गंमत म्हणजे तिचा धागा आपल्या खामगावातून जातो.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध झाले. तिथला कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या बंद पडू लागल्या, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावली. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो या कापसासाठीच. तीनच वर्षांनी, 1873 मध्ये, फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. तिथला कापूस वेचणारा काळा माणूस आणि इथला कापूस वेचणारा अस्पृश्य यांचे नाते फुल्यांनी तेव्हाच ओळखले होते.

त्या अमेरिकेत 'कंट्री' नावाचे संगीत आहे. आपल्या लोकगीतांसारखे, शेता-शिवारातले, कष्टाचे, दारूचे, विरहाचे गाणे. ते गोऱ्यांचे संगीत मानले जाते. पण त्यातले बँजो हे मुख्य वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी तिकडे नेले. आपल्याकडे हलगी आणि ढोलकी कोणाच्या हातात होती, हे आठवले की ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मिसिसिपी राज्यातल्या स्लेज गावी 1934 मध्ये चार्ली प्राइड जन्मला. घर बटाईने कापूस पिकवणाऱ्या काळ्या मजुराचे, भावंडे अकरा. हा मुलगा कंट्री गाणे गाऊ लागला. 1966 मध्ये आरसीए कंपनीने त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांना पाठवल्या, पण सोबत फोटो पाठवला नाही. श्रोत्यांनी आधी आवाज स्वीकारावा, रंग नंतर कळावा, असा हिशेब. आवाज चालला. 1969 मध्ये त्याच्या निवडक गाण्यांचा 'द बेस्ट ऑफ चार्ली प्राइड' हा संच निघाला आणि तो खूप खपला. 1971 मध्ये कंट्री संगीताचा वर्षातला सर्वोच्च कलावंत म्हणून त्याचा गौरव झाला.

चार्ली प्राइडचा फोटो काही काळ लपवला गेला. आपल्याकडे फोटो लपवावा लागला नाही, गाण्यांचीच वाटणी केली. पद्धत वेगळी, पण न्याय एकच: आवाज हवा, माणूस नको.

गीतकार कुठे गेला?

वाटणीचा सगळ्यात मोठा फटका गायकाला बसला नाही, गीतकाराला बसला. गायकाचे नाव निदान कव्हरवर असते. गाणे लिहिणाऱ्याचे नाव बारीक अक्षरात, आणि मोबाइलवर गाणे टाकताना तर तेही गायब.

आपल्या कवींनी यावर जुना उपाय करून ठेवला होता. वामनदादांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. ही नाममुद्रा संतांच्या अभंगातही आहे. ज्याच्याकडे कागद नाही, छापखाना नाही, वकील नाही, त्याने आपली सही गाण्यातच केलेली असते. आता डीजेच्या तालावर गाण्याचा मुखडा आणि एक कडवे वाजवून पुढे गेलो की काय कापले जाते? नेमकी ती सही.

कायदा तरुणांनी वाचावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 सांगते की, हक्क विकून टाकला तरी 'ही रचना माझी आहे' असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीतल्या वाट्याला संरक्षण दिले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क वारसांकडे राहतो. वामनदादा 15 मे 2004 ला गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. त्याच वर्षी जून महिन्यात प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच उन्हाळ्यात लेखणी आणि गळा दोन्ही गेले. आपण श्रद्धांजलीच्या सभा घेतल्या, पण त्यांच्या सगळ्या गाण्यांची एक पूर्ण, तपासलेली यादी चळवळीने हाती घेतली का?

आता काय करायचे?

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरुणांनी हे काम घेतले तरी पुरेसे आहे.

पहिले, जुन्या कॅसेट फेकू देऊ नका. फीत दरवर्षी खराब होते, बुरशी धरते. ती वाजते आहे तोवर संगणकात उतरवून घ्या आणि कव्हरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गीतकार, संगीतकार, वादक यांची नावे बहुधा तिथेच आहेत.

दुसरे, गावातल्या भजनी मंडळातल्या, गायन पार्टीतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटा. ज्यांचे गाणे कधीच कॅसेटवर गेले नाही, असे गाणारे-लिहिणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यात बाया जास्त आहेत. जात्यावर, धुण्यावर भीमाची ओवी रचणाऱ्या बाईला कोणत्या कंपनीने 'सुपरहिट' म्हटले? तिची ओवी तिच्या नावासह, गावासह, तारखेसह उतरवा. तिला विचारून उतरवा.

तिसरे, जयंतीच्या मिरवणुकीत निदान काही गाणी शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवा, आणि वाजवण्याआधी माइकवरून गीतकाराचे नाव सांगा. याला खर्च शून्य आहे.

चौथे, यादी करताना बाजारासारखी वाटणी करू नका. प्रल्हाद शिंदे यांच्या यादीत भीमगीत, कव्वाली, विठ्ठलाचे गाणे, सत्यनारायण, सगळे लिहा, आणि कोणते गाणे कोणत्या काळात, कोणाच्या मागणीवरून आले तेही शोधून लिहा. निवड त्यानंतर करा. पूर्ण यादी हातात असेल तरच केलेली निवड आपली असते.

बाबासाहेबांनी मूकनायक काढला तो मुक्या माणसांच्या वतीने बोलण्यासाठी. आपली माणसे गाण्यात कधीच मुकी नव्हती, फक्त त्यांच्या गाण्यांवरचे नाव पुसले गेले. ते नाव परत लिहिण्याचे काम या एप्रिलच्या आधी, आपापल्या गावातल्या एका कॅसेटपासून सुरू करा.

जय भीम! जय भारत!