शुक्राचे हरवलेले पाणी

शुक्राची चांदणी इतकी लखलखते ती तिच्या ढगांमुळे. या ग्रहावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश हे ढग आल्या पावली परत पाठवतात, आणि याच ढगांनी खगोलशास्त्रज्ञांना जवळजवळ दोनशे वर्षे चकवले. १७६१ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा सेंट पीटर्सबर्गच्या मिखाईल लोमोनोसोव्ह यांनी त्याला दाट वातावरण असल्याचा निष्कर्ष काढला. ढग आहेत म्हणजे पाणी आहे, पाणी आहे म्हणजे पाऊस, आणि पाऊस आहे तिथे हिरवाई असणारच, ही साखळी पुढे आपोआप जुळत गेली. १९१८ साली स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांनी तर शुक्राचे सरासरी तापमान सुमारे ४७ अंश सेल्सियस ठरवले आणि तिथे चिंब दलदली व दाट झाडोरा असल्याचे चित्र रंगवले. गंमत अशी की, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित १८९६ साली मांडणारे अर्‍हेनियस हेच. शुक्राकडे पाहताना मात्र त्यांनी सूर्यापासूनचे अंतर आणि ढग एवढेच धरले. हवेत काय आहे हा प्रश्न बाजूला राहिला.

ही चूक एकट्या अर्‍हेनियस यांची नव्हती. ग्रह सूर्यापासून किती दूर, यावरून तो राहण्याजोगा की नाही हे सांगून टाकण्याची सवय आजही गेलेली नाही. दूरच्या ताऱ्याभोवती एखादा ग्रह ‘योग्य अंतरावर’ सापडला की वर्तमानपत्रे लगेच त्याला दुसरी पृथ्वी म्हणतात. अंतराला काही अर्थच नाही, असे मी म्हणणार नाही. पण शुक्राचा इतिहास पाहिला तर दिसते ते असे: कक्षा फक्त किती ऊन पडणार ते ठरवते. त्या उन्हाचे पुढे काय होणार हे हवा ठरवते, आणि हवा कशी असेल हे त्या ग्रहावर आधी काय काय घडून गेले त्यावर अवलंबून असते.

याचा सर्वात सोपा पुरावा आपल्या डोक्यावरच आहे. चंद्र सूर्यापासून पृथ्वीइतकाच दूर, पण त्याला नाव घेण्याजोगे वातावरण नाही. तिथे विषुववृत्तावर भर दुपारी पारा सुमारे १२० अंशांवर जातो आणि रात्री उणे १३० च्याही खाली उतरतो. अंतर तेच, ऊन तेच, आणि एकीकडे समुद्र तर दुसरीकडे कोरडी धूळ. शुक्राचा हिशेब याहून चमत्कारिक आहे. तो सूर्यापासून १०.८ कोटी किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या अंतराच्या ७२ टक्क्यांवर फिरतो. त्याची कक्षा सगळ्या ग्रहांत सर्वाधिक वर्तुळाकार आहे, त्यामुळे सूर्याजवळ जाऊन होरपळणे आणि दूर जाऊन गारठणे हा प्रकार तिथे नाही. त्याच्यावर पृथ्वीच्या सुमारे १.९ पट ऊन पडते हे खरे, पण ढग त्यातले बहुतेक परतवतात. म्हणून प्रत्यक्षात शुक्र शोषतो ती उष्णता पृथ्वीपेक्षाही कमी आहे. एवढ्यावरच भागले असते तर त्याचा पृष्ठभाग शून्याच्या पुष्कळ खाली गोठलेला असता. तो आहे सुमारे ४६५ अंशांवर. तिथे शिसे वितळते.

हे कळायला वेळ लागला. १९३२ साली माउंट विल्सन वेधशाळेत अ‍ॅडम्स आणि डनहॅम यांना शुक्राच्या वर्णपटात कार्बन डायऑक्साइडच्या खुणा सापडल्या. १९४० साली रूपर्ट विल्ट यांनी त्यावरून शुक्राची जमीन पाणी उकळेल इतकी तापलेली असावी असे मांडले, पण फार कोणी मनावर घेतले नाही. १९५६ साली अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील रेडिओ दुर्बिणीने शुक्राचे तापमान ३०० अंशांच्या आसपास दाखवले, तेव्हा ही उष्णता जमिनीची नसून वरच्या हवेतील विद्युतभारित कणांची आहे, अशी पळवाट शोधली गेली. १४ डिसेंबर १९६२ रोजी शुक्राजवळून गेलेल्या मरिनर-२ ने ती पळवाट बंद केली. शेवटचा शब्द सोव्हिएत यानांचा. व्हेनेरा-७ हे यान १५ डिसेंबर १९७० रोजी शुक्रावर आदळले, कारण त्याची हवाई छत्री ऐनवेळी निकामी झाली. संदेश थांबला, मोहीम संपली असे सगळ्यांनी धरून चालले. पुढे ध्वनिफिती बारकाईने तपासताना खरखरीत दडलेला एक क्षीण संकेत सापडला: पडलेले यान जमिनीवरून २३ मिनिटे बोलत होते. यंत्रणेतल्या बिघाडामुळे ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, ती म्हणजे तापमान. आकडा होता ४७५ अंश. दलदलींच्या कल्पनेवर तिथे पडदा पडला.

मग पाणी कधी नव्हतेच का? १९७८ साली शुक्राच्या हवेत उतरलेल्या पायोनियर मोहिमेच्या उपकरणांना याचा धागा मिळाला. जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, आणि साधा हायड्रोजन यांचे शुक्रावरील प्रमाण पृथ्वीपेक्षा शंभराहून अधिक पट निघाले. वातावरणाच्या वरच्या थरात सूर्याचे अतिनील किरण बाष्पाचे रेणू फोडतात. हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो, दुप्पट जड ड्यूटेरियम मागे रेंगाळतो. इतके ड्यूटेरियम साचले, त्याअर्थी पुष्कळ पाणी गमावले गेले असणार. पाणी गेल्यावर कार्बन डायऑक्साइडला आवर घालणारे काही उरले नाही. पृथ्वीवर हे काम पाऊस करतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसात विरघळतो, कातळ झिजवतो, नद्यांवाटे समुद्रात जातो आणि चुनखडी होऊन तळाशी बसतो. सह्याद्रीच्या घाटात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये जागोजागी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत हवापाण्याने तो झिजला, त्याची ही खूण. शुक्रावरही लाव्ह्याची मैदाने आहेत, आणि तिथला दगडही सह्याद्रीसारखा बेसॉल्टच आहे. नाही तो पाऊस. पृथ्वीने जो कार्बन खडकांत पुरून ठेवला, साधारण तेवढाच शुक्राच्या हवेत मोकळा आहे, आणि ती हवा जमिनीवर पृथ्वीच्या नव्वदपटीहून अधिक दाब देते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शुक्र सूर्याजवळ आहे म्हणूनच पाणी उडाले, मग अखेर जबाबदार कक्षाच ना? काही अंशी हो. ग्रह एका मर्यादेपलीकडे तापला की बाष्प वाढते, बाष्प उष्णता अडवते, आणि हे चक्र समुद्र आटेपर्यंत थांबत नाही. जेम्स कास्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ग्रहावर पाणी टिकू शकेल अशा पट्ट्याची सूर्याकडची कड पृथ्वीच्या अंतराच्या ९५ टक्क्यांवर मांडली, आणि शुक्र तिच्या बराच आत पडतो. पण २०१६ साली नासाच्या गोडार्ड संस्थेतील मायकेल वे यांच्या गटाने दाखवले की शुक्रासारख्या अतिशय सावकाश फिरणाऱ्या ग्रहावर (त्याचा एक दिवस पृथ्वीच्या ११७ दिवसांचा) भर उन्हाच्या बाजूला ढगांचे छत्र तयार होते आणि समुद्र अब्जावधी वर्षे टिकू शकतात. २०२१ साली मार्टिन टर्बे यांच्या गटाने उलट निष्कर्ष काढला: आरंभीची हवा तप्त वाफेची असेल तर ढग रात्रीच्या बाजूला जमतात, उष्णता कोंडतात, आणि पाऊस एकदाही पडत नाही. हा वाद मला फार बोलका वाटतो. दोन्ही गणितांत शुक्राची कक्षा एकच आहे. उत्तर फिरले ते सुरुवातीच्या हवेमुळे.

दुसरा आक्षेप मंगळाचा: तो दूर आहे म्हणून गोठला, त्यात हवेचा काय संबंध? पण त्याच मंगळावर, त्याच अंतरावर, सूर्य आजच्यापेक्षा मंद असताना नद्या वाहिल्या. त्यांची पात्रे मरिनर-९ ने १९७२ साली टिपली. नद्या गेल्या त्या मंगळ दूर सरकला म्हणून नव्हे. त्याची हवा विरत गेली आणि आज ती पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी दाबाची उरली आहे.

भारताच्या शुक्र मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली असून मार्च २०२८ मध्ये यान सोडण्याचे ठरले आहे. ते शुक्राभोवती फिरत राहून हवेचा आणि जमिनीचा अभ्यास करील. त्यातून पुष्कळ कळेल, पण शुक्रावर कधी समुद्र होता की नाही याचा निवाडा वरून पाहून होणार नाही. झेनॉन आणि क्रिप्टॉनसारखे निष्क्रिय वायू शुक्राच्या आरंभीच्या हवेची साक्ष देऊ शकतात, आणि ते मोजण्यासाठी कोणाला तरी त्या ढगांतून खाली उतरावेच लागेल.