अमरवेल, बांडगूळ, टारफुला : दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या या वनस्पतींमध्ये नेमकं असतं काय?

रस्त्याकडेच्या बोरी-बाभळीवर पिवळ्या शेवयांचा गुंता टाकल्यासारखी एक वेल तुम्ही पाहिली असेल. ना पानं, ना जमिनीत मूळ. हीच अमरवेल. दिसायला छान, म्हणून अनेकजण तिचा फोटोही काढतात. पण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या दूध उत्पादकाला ती लसूणघासात दिसली, तर त्याच्या जनावरांचा हिरवा चारा धोक्यात आलेला असतो.

अमरवेल पिवळी का असते?

झाडं हरितद्रव्याच्या मदतीने स्वतःचं अन्न तयार करतात. अमरवेलीत हे हरितद्रव्य जवळजवळ नसतंच. तिचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे येतो. गाजराला रंग देणारी द्रव्यंही याच गटातली. त्यामुळे पाणी, साखर, खनिजं असं सगळंच तिला यजमान झाडाकडून घ्यावं लागतं. त्यासाठी ती झाडाच्या खोडात शोषक मुळं घुसवते.

बी रुजल्यावर काही दिवसांत यजमान सापडला नाही, तर रोप मरतं. मग डोळे नसताना ती झाड शोधते कशी? वासाने! 2006 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, अमरवेलीचं रोप टोमॅटोच्या गंधाच्या दिशेने वाढतं.

बांडगूळही तसंच का?

पूर्णपणे नाही. आंब्यावर दिसणाऱ्या बांडगुळाची पानं हिरवी असतात. म्हणजे ते आपलं बरंचसं अन्न स्वतः बनवतं, पण पाणी आणि खनिजं आंब्याची पळवतं. म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. पाणी सतत ओढण्यासाठी ते पानांवाटे भरपूर बाष्प सोडतं. त्या पाण्यासोबत आलेलं पोटॅशियम त्याच्या पानांत साठत जातं. फळातला गर इतका चिकट असतो की, फुलटोच्या पक्ष्याने खाल्ल्यावर बाहेर पडलेलं बी थेट दुसऱ्या फांदीला चिकटतं.

टारफुला जमिनीखाली काय करतो?

ज्वारीची मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतात. जमिनीत स्फुरद कमी असेल तर जास्तच. मित्र बुरशींनी जवळ यावं, म्हणून दिलेली ही हाक असते. टारफुल्याचं बी ती चोरून ऐकतं आणि नेमकं तेव्हाच रुजतं. हाक आली नाही, तर ते जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. टारफुला मातीवर दिसेपर्यंत पिकाचं बरंच नुकसान झालेलं असतं.

मग या वनस्पती औषधी असतात का?

अमरवेल आणि बांडगूळ या दोन्हींमध्ये क्वेर्सेटिनसारखी फ्लॅवोनॉइड सापडतात. बांडगुळात टॅनिनही असतं. केसगळतीपासून काविळीपर्यंतच्या घरगुती उपायांत या वनस्पतींचं नाव येतं. पण खरी गोम इथेच आहे. या वनस्पती यजमानाची रसायनंही उचलतात. ल्युपिन या शेंगवर्गीय झाडावर वाढलेल्या अमरवेलीत ल्युपिनची कडू अल्कलॉइड आढळली आहेत. कण्हेरीवरच्या बांडगुळात तर हृदयावर परिणाम करणारी, कण्हेरीतलीच विषारी द्रव्यं सापडली आहेत. म्हणजे वनस्पती तीच, पण झाड बदललं की तिच्यातली रसायनं बदलू शकतात. त्यामुळे रील पाहून कुठल्याही झाडावरची अमरवेल तोडून काढा करणं महागात पडू शकतं.

शेतकऱ्याने काय करावं?

लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेलीचं बारीक बी मिसळून येतं. त्यामुळे खात्रीचं, प्रमाणित बियाणं घेणं हाच पहिला उपाय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'आर. एल. 88' हा लसूणघासाचा वाण विकसित केला आहे. शेतात अमरवेल दिसलीच, तर फुलं येण्याआधी तेवढा पट्टा घासासकट कापून जाळावा. नुसती वेल ओढून काढली, तर मागे राहिलेल्या तुकड्यातून ती पुन्हा वाढते. आंब्यावरचं बांडगूळही वरवर छाटू नका. ते जिथे चिकटलंय, त्याच्या थोडं खालून फांदीच कापा.

मराठीत आयतोबाला आपण 'बांडगूळ' म्हणतो. पण गंमत बघा, खरं बांडगूळ निदान आपलं अन्न तरी स्वतः शिजवतं. ही शिवी खरं तर अमरवेलीला जास्त शोभते!