बियाण्यातील अदृश्य कुलूप : वऱ्हाडातील कापूस आणि पुनर्वापराचा हक्क
(विशेष संदर्भ : वाशिम जिल्हा)

प्रस्तावना

विकत घेतलेल्या वस्तूची प्रत काढण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न संगणकयुगात विशेष तीव्र झाला. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीच्या संगीत तबकड्यांमध्ये, ग्राहकाला स्पष्ट कल्पना न देता, त्याच्या संगणकात लपून बसणारी प्रतिबंधक आज्ञावली आढळली. २००८ साली पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या समूहाने 'गुड ओल्ड गेम्स' हे विक्रीकेंद्र सुरू केले. तेथील व्हिडिओ गेमना कोणतेही कुलूप नसेल, असे आश्वासन देण्यात आले होते. परंतु २०२१ साली तेथे विक्रीस आलेल्या 'हिटमॅन' या खेळाचे अनेक भाग कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय खुले होत नसल्याचे ग्राहकांच्या लक्षात आले. तक्रारींनंतर तो खेळ तेथून काढून घ्यावा लागला. प्रत काढण्यास मनाई कोठेही लिहिलेली नव्हती. ती वस्तूच्या रचनेतच होती.

'मुक्त' म्हणून दिलेल्या वस्तूच्या घडणीतच पुनर्वापराची अडवणूक असणे, ही घटना केवळ संगणकापुरती मर्यादित नाही. वाशिम जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकऱ्याने तिचा अनुभव बियाण्याच्या रूपाने घेतला आहे. कायद्याने त्याला बियाणे राखण्याचा हक्क दिला; प्रत्यक्षात मात्र त्याला दरवर्षी नवे पाकीट विकत घ्यावे लागले. या विसंगतीची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सरकीची मालकी : पूर्वपीठिका

वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. हा प्रदेश जुन्या वऱ्हाडाचा भाग होय. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे येथील कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांची मोठी मागणी आली. कारंजा ही कापसाची नामांकित पेठ होती. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे कारंज्यावरून नेण्यात आली, तीही प्रामुख्याने कापसाच्या वाहतुकीसाठी.

या काळापर्यंत बियाणे ही विकत घेण्याची वस्तू नव्हती. देशी कापसाची रुई घरच्या चरख्यावर वेगळी केली जाई आणि उरलेल्या सरकीतून चांगली सरकी पुढील पेरणीसाठी राखली जाई. वाफेवर चालणारे जिनिंग कारखाने आल्यावर अनेक गावांची सरकी एकत्र मिसळू लागली व बियाण्याची शुद्धता कमी झाली. तथापि, शेतकऱ्याच्या हाती आलेली सरकी पेरली असता तिच्यापासून मूळ झाडासारखेच झाड उगवत असे. गुणवत्ता घसरली, तरी पुनरुत्पादनाची क्षमता शेतकऱ्याकडेच होती.

संकराचा प्रवेश

या परिस्थितीत मूलगामी बदल १९७० साली झाला. सुरत येथील कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस प्रसारित केला. त्यानंतर अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा 'पीकेव्ही संकर-२' आणि नांदेड येथील 'एनएचएच-४४' हे वाण विदर्भ-मराठवाड्यात रुजले. हे वाण सार्वजनिक संस्थांनी, उत्पादन वाढावे या हेतूने निर्माण केले होते.

संकरित वाणाचे स्वरूप मात्र समजून घेणे आवश्यक आहे. दोन भिन्न वाणांच्या फुलांचा हाताने संकर घडवून पहिल्या पिढीचे बियाणे तयार होते. या पिढीची झाडे एकसारखी व जोमदार असतात. त्यांची सरकी राखून पेरल्यास दुसऱ्या पिढीत आई-बापाचे गुण विखुरले जातात. उंची, पक्वतेचा काळ, बोंडांचा आकार यांत विषमता येते आणि उत्पादन घटते. सरकी उगवते, पण घेतलेल्या वाणाची नक्कल होत नाही. अशा रीतीने शेतकऱ्याला कोणीही मनाई न करता, बियाण्याच्या घडणीनेच त्याला दरवर्षी बाजारात परत आणले.

बीटी कापूस : कायदा एक, व्यवहार दुसरा

२६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालना येथील महिको कंपनीच्या एमईसीएच-१२, एमईसीएच-१६२ व एमईसीएच-१८४ या तीन बीटी वाणांना मान्यता दिली. तिन्ही वाण संकरित होते. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाची किंमत आरंभी सुमारे १,६०० रुपये होती आणि तीत मोन्सॅन्टोच्या तंत्रज्ञानाचे शुल्क समाविष्ट होते. या पहिल्या बोलगार्ड जनुकावर भारतात पेटंट नव्हते, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

याच सुमारास संसदेने पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ संमत केला. त्याच्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, देवाणघेवाण करणे, तसेच छापील नाममुद्रेशिवाय विकणे यांचा हक्क आहे. वंध्य बीज निर्माण करणाऱ्या 'टर्मिनेटर' तंत्रज्ञानाचा समावेश असलेल्या वाणांची नोंदणीही या कायद्याने नाकारली. १९९८ साली त्या तंत्रज्ञानाचे अमेरिकन पेटंट प्रसिद्ध झाल्यानंतर देशात उसळलेल्या विरोधाचा हा परिणाम होता.

येथेच इतिहासाची विसंगती दिसून येते. ज्या कुलपाची सर्वत्र चर्चा झाली, त्याला कायद्याने दार बंद केले. जे कुलूप तीस वर्षांपूर्वीच शेतात आले होते, त्याची चर्चा झाली नाही. चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत बीटी कापूस मुख्यत्वे सरळ वाणांत दिला गेला. भारतात तो जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांत आला. त्यामुळे पेटंट नसतानाही जनुकाच्या मालकाचे उत्पन्न सुरक्षित राहिले आणि कलम ३९ मधील हक्क कापसाच्या बाबतीत कागदावरच राहिला.

२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशिमचा समावेश होता. त्याच वर्षी पाकिटाची किंमत शासकीय हस्तक्षेपाने ७५० रुपयांपर्यंत खाली आणण्यात आली आणि २००९ साली महाराष्ट्राने कापूस बियाण्याच्या किमतीचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा केला. हे उपाय स्वागतार्ह असले तरी ते किमतीपुरते होते. दरवर्षीच्या खरेदीची अपरिहार्यता त्यांनी दूर झाली नाही.

कुलूप फोडण्याचे प्रयत्न

ज्या वस्तूला कुलूप असते, तिच्या चोरट्या प्रतीही निघतात. २००१ साली, अधिकृत मान्यतेपूर्वीच, गुजरातमध्ये 'नवभारत-१५१' या वाणात बीटी जनुक आढळले. १० जून २०१९ रोजी वाशिमच्या शेजारील अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर लागवड केली. 'चोर बीटी' या नावाने ओळखले जाणारे हे बियाणे पावतीविना विकले जाते. ते न उगवल्यास शेतकऱ्याला दाद मागता येत नाही.

याउलट, सार्वजनिक संस्थांचा प्रयत्न खुल्या बियाण्याचा होता. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांनी विकसित केलेल्या 'बिकानेरी नरमा बीटी' या सरळ वाणाला २००८ साली मान्यता मिळाली. याची सरकी शेतकऱ्याने राखावी, हीच त्यामागील भूमिका होती. २००९ साली हे बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. परंतु त्यात मोन्सॅन्टोचा 'मॉन-५३१' हा जनुकीय घटक असल्याचे आढळून आले आणि विक्री थांबवण्यात आली. प्रा. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे या प्रकरणाची चौकशी केली. 'मुक्त' म्हणून दिलेल्या बियाण्याच्या पोटात परकी मालमत्ता निघावी, हा शेतकऱ्याच्या विश्वासाला बसलेला मोठा धक्का होता. त्याची किंमत वेळेच्या रूपानेही मोजावी लागली. खुल्या बीटी वाणाची वाट अनेक वर्षे लांबली.

अदृश्य कुलपाचे परिणाम

संकरित बीटी झाडाच्या बोंडात तयार होणाऱ्या सरकीतही गुणांची विभागणी होते. काही दाण्यांत बीटी जनुक असते, काहींत नसते. अशा मिश्र बोंडांवर वाढणाऱ्या गुलाबी बोंडअळीत प्रतिकारक्षमता लवकर निर्माण होते, असे कापूस शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. शिवाय अनेक संकरित वाण दीर्घ मुदतीचे असल्याने अळीला अधिक काळ अन्न मिळते. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापसाचे जे नुकसान झाले, त्याच्या कारणांत या दोन्ही बाबींचा विचार करावा लागतो.

वाशिम जिल्ह्यातील दुसरे प्रमुख खरीप पीक सोयाबीन या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित असून त्याचे सरळ वाण पेरले जातात. २०२० साली विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या, तेव्हा घरचे बियाणे वापरण्याचा मार्ग शेतकऱ्याला खुला होता. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून सत्तर उगवले की बियाणे पेरण्यायोग्य, ही साधी कसोटी कृषी विभागाने गावोगावी सांगितली. एकाच शेतकऱ्याच्या एका शेतात हक्क जिवंत राहिला आणि शेजारच्या शेतात तो निरुपयोगी ठरला. दोन्ही शेतांना कायदा एकच लागू होता. फरक बियाण्याच्या घडणीचा होता.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कापसाच्या बियाण्यावरील नियंत्रण प्रामुख्याने पेटंटने किंवा करारपत्राने नव्हे, तर संकरित स्वरूपाने प्रस्थापित झाले. म्हणूनच ते विवादाचा विषय उशिरा बनले. नागपूरच्या संस्थेने त्यानंतरच्या काळात 'सुरज बीटी', 'रजत बीटी', 'पीकेव्ही-०८१ बीटी' असे सरळ वाण उपलब्ध केले. त्यांतही बीटी जनुक आहे, पण सरकी राखता येते. कुलूप जनुकात नव्हते, ते ज्या रूपात दिले गेले त्या रूपात होते, हे यावरून सिद्ध होते.

संकरित वाणाने उत्पादनवाढ साधली, हे नाकारण्याचे कारण नाही, आणि ते निवडण्याचे स्वातंत्र्यही शेतकऱ्याला असावे. मात्र पाकिटावर उगवणशक्ती व शुद्धता छापली जाते, तशीच 'या बियाण्याची सरकी पुन्हा पेरण्यास योग्य नाही' ही माहिती ठळक अक्षरांत मराठीतून छापली गेली पाहिजे, आणि त्याच दुकानात सरळ वाणाचा पर्यायही उपलब्ध असला पाहिजे. हक्क कायद्याच्या पुस्तकात असून भागत नाही. तो पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या ओंजळीतही असावा लागतो.