हत्तीला नाव, माहूत बिननावाचा

इमानी नोकर म्हटला की आम्हांला पासपार्तू आठवतो. ज्यूल व्हर्नच्या 1873 च्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या कादंबरीतला फिलिअस फॉगचा हा चाकर आमच्या खानदेशातून आगगाडीने जातो. जळगाव-धुळे तेव्हा एकच जिल्हा होता. 1906 साली त्याचे दोन झाले. मुंबईच्या देवळात जोडे गमावलेला पासपार्तू बऱ्हाणपुरात सपाता घेतो.

व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. खानदेशी गावांवर त्याने देवळांचे 'मिनार' उभे केले. फारुकी सुलतानांच्या या मुलुखात मिनार मशिदीचा असतो, हे त्याला कोण सांगणार?

पुढे कादंबरीत रूळ संपतात. प्रत्यक्षात 1870 सालीच मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली होती. फॉग हत्ती विकत घेतो. एक पारशी तरुण तो हाकतो, जोखीम पत्करून साथ देतो. मजुरीत निष्ठेची किंमत येत नाही, हे ओळखून फॉग त्याला हत्तीच बक्षीस देतो.

कदर झाली, हे खरे. पण हत्तीचे नाव किऊनी, फ्रेंच नोकराचे पासपार्तू. माहुताला मात्र नाव नाही. आमच्या वाडवडिलांनीही इमानाने चाकरी केली. त्यांची नावे आम्हीच लिहायची आहेत.