तळटीप : ‘स्वमग्न’

* स्वमग्न – ऑटिझम असलेल्या मुलांसाठी मराठीत रुळलेला शब्द. ‘स्वतःतच बुडालेला’ हा त्याचा ध्वनी मात्र या मुलांवर अन्याय करतो. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी बाहुल्या वापरून घेतलेली चाचणी कोल्हापुरी घरात अशी मांडता येईल : भडंगाची पुडी फडताळात ठेवून ताई रंकाळ्यावर गेली, मागे आईने ती डब्यात टाकली. परतल्यावर ताई आधी कुठे बघेल? अशा प्रश्नाला २० पैकी १६ स्वमग्न मुलं चुकली. त्यावरून ‘यांना माया नसते’ असा समज पसरला, तो चूक आहे. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं वेगळं, त्याच्यासाठी जीव तुटणं वेगळं. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने हे न कळणं दुतर्फा असल्याचं मांडलं; आपल्यालाही ही मुलं कळत नाहीत. वाचकांनी पुढची पानं हे ध्यानात ठेवून वाचावीत. – संपादक